मुलांच्या हाती काय द्यावे?

(मंडळाच्या पवई येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून आम्ही सारी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांत घालविली. ज्ञातीचा इतिहास किंवा समाजकारण यांवर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा आहे. तो त्यांच्याकडेच असू द्यावा. सहा-सात वर्षांच्या मुलांचे हात मात्र आम्ही पस्तीस वर्षे जवळून पाहिले आहेत. त्या हातांविषयीच आज बोलावे असे आम्ही योजिले आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. सुट्टीत घरोघरी लहान मुलांना काही ना काही भेट दिली जाईल. ती कोणती द्यावी आणि कशी ठरवावी, एवढाच आमचा विषय.

विषय ऐकून काहींना हसू येईल. खेळणे ते काय, आणि त्यावर भाषण ते काय! परंतु आपापल्या घरी गेल्या दिवाळीत काय घडले ते क्षणभर आठवावे. शेजारच्या मुलाला विजेवर चालणारी मोटार मिळाली म्हणून आपल्या मुलाने हट्ट धरला. आईने नाही म्हटले, आजोबांनी हो म्हटले. शेवटी वडिलांनी हप्त्यांवर ती आणली आणि कार्तिकी एकादशीपर्यंत ती पलंगाखाली जाऊन पडली. हप्ते मात्र शिमग्यापर्यंत चालले. ज्या गोष्टीपायी घरात अबोला येतो, कर्ज होते आणि मूलही सुखी होत नाही, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी?

आपण आज पवईत जमलो आहोत. या गावाचे रूप काही पिढ्यांत किती पालटले हे ज्येष्ठांना ठाऊक आहेच. १८९१ साली मुंबईच्या पाण्यासाठी येथे तलाव बांधला गेला. पवई, तिरंदाज, पासपोली, कोपरी ही त्या परिसरातील लहान गावे. पुढे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे स्थापन झाली आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली. त्यानंतर १९८० च्या दशकापासून टेकड्यांच्या अंगाखांद्यावर उंच इमारती उभ्या राहू लागल्या. आज आपल्याच ज्ञातीतील एक कुटुंब विसाव्या मजल्यावर राहते आणि दुसरे त्याच इमारतीच्या मागील उतारावरील चाळीत राहते. दोघांची मुले एकाच स्नेहसंमेलनात शेजारी बसून चिवडा खातात. मुलांना यात काही भेद दिसत नाही. तो भेद दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी "तुला काय मिळाले?" या प्रश्नाने दिसू लागतो.

म्हणूनच सुट्टी संपवून मुले वर्गात परतली की आम्ही "काय मिळाले?" असे कधी विचारीत नसू; "सुट्टीत काय केलेस?" असे विचारीत असू. पहिल्या प्रश्नाला गवंडीकाम करणाऱ्याचा मुलगा मान खाली घालतो. दुसऱ्या प्रश्नाला तोच मुलगा हात वर करून उठतो, कारण त्याने विटांचा किल्ला रचलेला असतो आणि त्याचा बुरूज ओळंब्याने सरळ केलेला असतो. मिळणे आणि करणे यांतील हे अंतर ज्याने ओळखले, त्याला भेट निवडणे अवघड जात नाही.

अध्यापनाच्या अभ्यासक्रमात आम्हांला फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची ओळख झाली. त्यांनी १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. मुलांच्या खेळासाठी त्यांनी जे साहित्य योजिले त्याला त्यांनी 'देणग्या' असा शब्द वापरला. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचितीची. तिसरी आठ लहान घनांत विभागलेल्या एका मोठ्या घनाची. एवढे साधे साहित्य! परंतु त्या आठ ठोकळ्यांतून मूल आज खुर्ची करते, उद्या देऊळ करते, परवा आगगाडी करते. ठोकळे बदलत नाहीत, मूल मात्र दररोज बदलते. अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉईड राईट यांच्या मातोश्रींना १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ही खेळणी आढळली व त्यांनी ती आपल्या मुलासाठी घेतली. त्या मेपलच्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांतून कधी गेला नाही, अशा अर्थाचे राईट यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. ठोकळे दिले की प्रत्येक मूल वास्तुशिल्पी होते, असा अर्थ कोणी काढू नये. घेण्यासारखे आहे ते एवढेच की, जी देणगी मुलाच्या हाताला काम ठेवते ती बोटांत मुरते.

आपल्या महाराष्ट्रात या विचाराला ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीचे रूप दिले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. माँटेसोरी पद्धतीचे साहित्य सुंदर, परंतु महाग; खेड्यातील बालवाडीला ते परवडणार कसे? तेव्हा या दोघींनी समुद्रकाठचे शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने यांनाच शिक्षणाचे साहित्य केले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली बांधवांमध्ये गेले. तेथेही हाच मार्ग चालू राहिला. मोजणे चिंचोक्यांनी शिकता येते आणि आकार शिंपल्यांनी. मुलाच्या बुद्धीला वस्तूच्या किमतीशी कर्तव्य नसते, हे या माउलींनी प्रत्यक्ष करून दाखविले.

हे सांगण्याचे कारण असे की, पवईतील आईबापांना एक निराळाच मोह पडतो. समोर तंत्रज्ञान संस्थेची कमान रोज दिसते. आपले मूलही एक दिवस त्या कमानीतून आत जावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि स्तुत्यही आहे. परंतु या इच्छेचाच व्यापार होतो. 'बुद्धिवर्धक', 'भावी शास्त्रज्ञांसाठी' अशी अक्षरे खोक्यावर छापली की दोन वर्षांच्या बालकासाठीही ते खोके विकत घेतले जाते. कळ दाबली की इंग्रजी अक्षरे बोलणारे खेळणे पाहून घरची मंडळी हरखून जातात. आमचे म्हणणे असे की, तेथे खेळणे बोलते आणि मूल गप्प बसते. व्हावयास हवे ते याच्या नेमके उलटे. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेतलेले अरविंद गुप्ता यांनी आपले आयुष्य आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या व जुनी वृत्तपत्रे यांतून विज्ञानाची खेळणी करण्यात वेचले. पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तंत्रज्ञान संस्थेत शिकलेला मनुष्य मुलांच्या हाती काय देतो, हे यावरून आपण पाहावे.

आता प्रत्यक्ष निवड कशी करावी ते सांगतो. पहिला नियम असा की, दुकानाकडे पाहण्यापूर्वी मुलाकडे पाहावे. दिवाळीच्या आधी आठ दिवस त्याला न कळत पाहत राहावे. ते रिकामे डबे एकात एक घालते काय? चपला ओळीने मांडते काय? आजीच्या पदराची झोळी करून बाहुली निजविते काय? मूल जे आपण होऊन करीत आहे, त्यालाच पुढे नेणारी वस्तू द्यावी. भूक पाहून वाढावे, ताट पाहून वाढू नये.

तीन वर्षांखालील बालकाला पकडणे, टाकणे, रचणे, पाडणे यांतच परमानंद असतो. त्याला एकात एक बसणारे डबे, हाताला मोठे वाटतील असे ठोकळे, कापडी चेंडू, चालू लागले असेल तर पांगुळगाडा, एवढे पुष्कळ झाले. सावंतवाडीच्या चितारआळीत तयार होणारी लाकडी फळे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी हाताळली असतील. तीन ते सहा या वयात मूल मोठ्यांच्या जगाची नक्कल करते. भातुकली, बाहुली, शाडूची माती, जाड खडू, मोठ्या चित्रांची पुस्तके ही त्या वयाची संपत्ती. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला नियम आणि कौशल्य हवे असते. भोवरा, दोरीची उडी, सापशिडी, एक चांगले भिंग, चार कुंड्या आणि मेथी-धने, किंवा वर्षभर घरी येणारे मासिक द्यावे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले 'किशोर' हे वाचनाची गोडी लागलेल्या मुलाला देण्याजोगे आहे. दर महिन्याला आपल्या नावाने काही येते, हा आनंद एका दिवसात संपत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. कन्येला भातुकली आणि पुत्राला मोटार, ही वाटणी मुलांनी केलेली नाही; आपण केलेली आहे. आमच्या वर्गातील भातुकलीत मुलगे आनंदाने पोळ्या लाटीत आणि मुली स्क्रूने जोडावयाची गाडी मुलांपेक्षा नेटकी जोडीत. ज्ञातीतील कन्या अभियंता व्हावी असे व्यासपीठावरून म्हणावयाचे आणि घरी तिच्या हाती केवळ पोळपाट-लाटणे द्यावयाचे, हे सुसंगत नाही.

दुसरा नियम सुरक्षिततेचा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे सक्तीचे झाले आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या मालाला या सक्तीतून सूट आहे. म्हणून कारागिराचे खेळणे चिन्हावाचून दिसले तर त्याला लगेच खोटे ठरवू नये. मात्र रंग सुटतो काय, कडा टोचतात काय, हे स्वतः पाहावे. पदपथावरील स्वस्त मालाविषयी विशेष जपावे. लहान मुलाच्या तोंडात मावेल असा कोणताही भाग तीन वर्षांखालील बालकाच्या हाती देऊ नये. फुगे व फुटक्या फुग्यांचे तुकडेही त्यातच आले. सर्वांत घातक म्हणजे गुंडीच्या आकाराची चपटी बॅटरी. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजून गंभीर इजा होते. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. जिच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही, अशी वस्तू लहान मुलांच्या घरात आणूच नये. जोरदार लोहचुंबकाच्या बारीक गोळ्यांचीही तीच कथा.

आणि मोबाईलचे काय, असे आपण विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बालकाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक बसवू नये. असे असता पाच वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची किंवा दिवाळीची भेट म्हणून त्याच्या मालकीचा पडदा देणे हे, आमच्या मते, भेट देणे नव्हे. ते मुलाला दुसऱ्याच्या हवाली करणे होय.

तिसरा नियम थैलीचा. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपहासाने केली आहे, अनुकरणासाठी नव्हे. आता तर मोबाईलवर बोट ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत वस्तू दारात येते आणि पैसे मागाहून दिले तरी चालतात. वस्तू घरी येण्यास वेळ लागत होता तेव्हा मनुष्याला विचार करण्यासही वेळ मिळत असे. म्हणून आमची सूचना अशी की, मुलांच्या भेटीची रक्कम घटस्थापनेलाच पतिपत्नींनी ठरवावी, ती आजी-आजोबा, मामा, आत्या यांनाही कळवावी आणि पाच जणांनी पाच वस्तू देण्याऐवजी सर्वांनी मिळून एकच चांगली वस्तू द्यावी. एकत्र जमणाऱ्या चुलत-मावस भावंडांना शक्यतो सारख्या तोलाच्या भेटी द्याव्यात. ज्याची मिळकत अधिक आहे त्या भावानेच येथे हात आवरावा. ज्याची कमी आहे त्याला हात आवरावयास सांगण्याची वेळ येऊ देऊ नये. यातच खरा मोठेपणा आहे.

चौथा नियम असा की, जी भेट अनेकांना एकत्र आणते ती श्रेष्ठ. येथे आम्हांला दिवाळीच्या किल्ल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. दगड-विटांचा आधार, त्यावर पोते, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव, कुंभाराकडचे चार मावळे आणि सिंहासनावर महाराज. हे महाराष्ट्रातील मुलांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे खेळणे आहे आणि ते कोणत्याही दुकानात पुरते मिळत नाही. आता तयार किल्लेही विकत मिळतात. ते आणून ठेवले की काम झाले, पण करावयाचे काहीच उरले नाही. इमारतीत माती नाही, अशी सबब सांगितली जाते. रोपवाटिकेतून दोन-तीन पोती लाल माती आणावी, सोसायटीच्या चिटणिसांची परवानगी घेऊन एक कोपरा मिळवावा आणि खाली प्लॅस्टिक अंथरावे. त्या कोपऱ्यात विसाव्या मजल्यावरचा मुलगा आणि पहारेकऱ्याची मुलगी यांचे हात सारखेच चिखलाने भरतील. या दिवाळीत आपल्या मुलांना काय द्यावे असे आम्हांला कोणी विचारले, तर आमचे उत्तर सरळ आहे: माती द्या, आणि तीन दिवस त्यांच्याजवळ बसा.

जवळ बसणे हीसुद्धा भेटच आहे. एखाद्या सकाळी मुलाला पवई तलावाच्या काठच्या रस्त्याने घेऊन जावे. या तलावात मगरी आहेत, म्हणून पाण्यापाशी उतरू नये, रस्त्यावरूनच पाहावे. बगळे किती, पाणकावळा पंख पसरून का बसला आहे, खंड्या सूर कसा मारतो, हे एका वहीत मुलाकडून लिहवून घ्यावे. वहीला दहा-वीस रुपये पडतात. वडिलांची एक सकाळ मात्र महाग असते, आणि मुलाला ती महागाई बरोबर समजते.

पाचवा आणि अखेरचा नियम. मुलाला केवळ घेणारा करू नये, देणाराही करावे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' मधील श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, ही कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या कोटाची किंमत कोणी लक्षात ठेवलेली नाही. त्यासाठी मारलेले मन सर्वांच्या लक्षात आहे. भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीत टाकावयाचे पैसे आपल्या खिशातून काढून मुलाच्या हाती देऊ नयेत. महिनाभर आधी त्याला एक मातीची बुधली द्यावी आणि तिच्यात त्याने स्वतः साठवावे. हाताने केलेला आकाशकंदील आजीच्या दारी लावू द्यावा. तो वाकडा झाला तरी चालेल. आणि ज्या खेळण्यांचे वय ओलांडले ती स्वच्छ पुसून दुसऱ्याला देण्याचे काम मुलाकडूनच करवून घ्यावे. मात्र मोडके देऊ नये. मोडके देणे म्हणजे दान नव्हे, ती घराची झाडलोट आहे.

आता मंडळापुढे एक नम्र विनंती. आपण दरवर्षी गुणगौरव समारंभात बालविभागातील मुलांना वस्तू वाटतो. ती रक्कम आणि आणखी थोडी वर्गणी एकत्र करून मंडळाने एक 'खेळघर' सुरू करावे. दोन कपाटे पुरेत. त्यांत ठोकळे, भातुकली, सापशिडी, बुद्धिबळ, भिंगे, चित्रांची पुस्तके ठेवावीत. ग्रंथालयातून पुस्तक नेतात तशी मुलांनी आठ दिवसांसाठी वस्तू न्यावी आणि आपल्या हाताने परत आणून ठेवावी. चाळीतील मुलाला जे कधी घेता येणार नाही ते त्याला मिळेल. आणि इमारतीतील मुलाला एखादी वस्तू आवडूनही परत करण्याची सवय लागेल. पहिल्याचा लाभ उघड आहे. दुसऱ्याचा लाभ अधिक मोठा आहे, असे आम्हांला वाटते. कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यास आणि दर रविवारी दोन तास बसण्यास आम्ही स्वतः तयार आहोत. निवृत्त शिक्षकाला याहून अधिक मानाचे काम कोणते मिळणार? ज्ञातीत आमच्यासारखे आणखी निवृत्त स्त्री-पुरुष आहेत. त्यांनीही एकेक रविवार द्यावा. लाकूडकाम जाणणाऱ्या बांधवांनी उरलेल्या लाकडाचे ठोकळे करून घासून द्यावेत. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी कापडी बाहुल्या द्याव्यात. ज्ञातीच्या हातांचे कौशल्य ज्ञातीच्या मुलांच्या हाती याप्रमाणे पोहोचेल.

बंधुभगिनींनो, मूल मोठे झाल्यावर आपण त्याला शिक्षण देऊ, घर देऊ, कदाचित धनही देऊ. ते सर्व घेण्यासाठी जे हात लागतात ते पहिल्या सात-आठ वर्षांत घडतात. त्या हातांत येत्या दिवाळीला जे ठेवाल ते त्यांना काही करावयास लावणारे असो, दुसऱ्या मुलाचे मन न दुखविणारे असो आणि आपल्या अंथरुणात मावणारे असो.  दिवाळी आपणां सर्वांना आणि आपल्या लेकरांना सुखाची जावो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.